रेकॉर्ड-कॅसेटची दुकाने (बेळगाव सीमाभाग)

कोणत्याही कंपनीच्या मालकीची नसलेली, रेकॉर्ड, कॅसेट आणि पुढे सीडी विकणारी स्थानिक दुकाने. लंडनमध्ये १९७६ साली निघालेल्या ‘रफ ट्रेड’ या दुकानाभोवती पंक या बंडखोर रॉक संगीताचा गोतावळा जमला आणि दोन वर्षांत त्याच नावाची रेकॉर्ड कंपनीही उभी राहिली. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारपेठेतला गोतावळा वेगळा: भजनी मंडळी, मंडपवाले, नाट्यसंगीताचे दर्दी आणि खिशात पैसे नसताना नुसते ऐकायला येणारे.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्यात राग मांडताना गवयाचा कस लागे. शिकणाऱ्याला मात्र तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावता येई. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी अशाच तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गायकी हुबेहूब गात. घरी बाजा, म्हणजे ग्रामोफोन, असणे ही चैन होती. बाकीच्यांनी दुकानाच्या पायरीवर उभे राहून ऐकायचे.

१९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि भाषेचा वाद दुकानांच्या पाट्यांपर्यंत पोचला. आतल्या फळीवर मात्र मराठी अभंगांशेजारी कन्नड वचने (बसवेश्वरादी शरणांच्या रचना) आणि दासपदे (हरिदासांची भक्तिपदे) राहिली. गदगच्या भीमसेन जोशींची मराठी अभंगांची ‘संतवाणी’ आणि कन्नड दासपदांची ‘दासवाणी’ खपायची ती एकाच दुकानात. यात फार उदात्त काही शोधू नये. गिऱ्हाईक दोन्हीकडचे होते.

खरी रंगत १९८० नंतर, कॅसेटच्या काळात आली. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणी, साठची कॅसेट की नव्वदची ते सांगे आणि दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट नेई. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीसच मिनिटे. यादी संपूनही फीत उरली, तर दुकानदार आपल्या आवडीचे एखादे पद तिथे घुसडी. मग हे कोण गातंय, असे विचारत गिऱ्हाईक परत येई आणि तासभर हलत नसे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ही नक्कल बसत नव्हती, तरी धंदा उघड चाले.

भजनी मंडळी चाल उचलायला येत, तेव्हा आणखी एक गोंधळ. टेपची गती जराशी कमीजास्त झाली की पट्टी, म्हणजे गाण्याचा आधार स्वर, सरके. मूळ गाणे पेटीच्या काळी एकमधले की शेजारच्या पांढरी दोनमधले, यावर काउंटरपाशी वाद जुंपे आणि निकाल लागेपर्यंत फीत चार वेळा मागे नेली जाई. गणपतीच्या आधी मंडपवाल्यांची घाई असे. तेव्हा असल्या वादांना थारा नसे.

एमपीथ्री आणि मोबाइल आल्यावर बरीच दुकाने रिचार्ज आणि मोबाइलच्या कव्हरांकडे वळली. मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचे काम काही वर्षे चालले, पण कार्डात शेकडो गाणी मावत. यादी आणणारे गिऱ्हाईक मागे पडले; ‘जुनी सगळी टाका’ एवढ्यावर काम भागू लागले.