बिब्बा उतणे

बिब्ब्याच्या (भिलावा, सेमेकार्पस अनाकार्डियम) फळातील तेलकट रस अंगाला लागल्याने त्वचेवर येणारी खाज, सूज, पुरळ व पाण्याने भरलेले फोड. हे झाड आंबा व काजू यांच्या कुळातले असून महाराष्ट्रातील पानझडी जंगलांत आढळते. फळाच्या देठाकडचा नारिंगी, मांसल भाग वाळवून ‘बिब्ब्याची फुले’ म्हणून खातात. आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात पडते. त्रास देतो तो या दोहोंमधल्या काळ्या, चकचकीत कवचातला रस. हवा लागताच तो काळा पडतो आणि कापडावरचा त्याचा डाग धुऊन जात नाही. म्हणूनच परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या परदेशी सैनिकांना मानेवर, कमरेवर, नेमकी ती खूण टेकेल तिथे पुरळ उठले होते.

रसातील भिलावनॉल ही कॅटेचॉल वर्गातली द्रव्ये त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके समजते. पहिल्या संपर्कात ही ओळख पटायला एक-दोन आठवडे, क्वचित अधिक काळ लागतो. पुढच्या वेळी मात्र १२ ते ४८ तासांत अंग उततेच. घट्ट रस अधिक प्रमाणात लागला तर ॲलर्जी नसलेल्यालाही त्वचा भाजल्यासारखे फोड येतात. टाचेत काटा मोडला की तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देण्याच्या घरगुती उपायात हा धोका असतोच.

फोडातल्या पाण्याने पुरळ पसरते हा समज चुकीचा आहे. त्या पाण्यात भिलावनॉल नसते, आणि एकाचे उतणे दुसऱ्याला लागत नाही. पसरतो तो रस. बिब्बा फोडणाऱ्या बाईची बोटे घाम पुसताना पापणीला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी डोळा सुजून मिटतो. नखांतली काळी रेघ, पदराचे टोक, फोडायचा दगड, अडकित्त्याची मूठ यांवर राहिलेला रस पुढेही अंगाला लागत राहतो. शिवाय पापणी, मान अशी पातळ त्वचा लवकर उतते, तळहात उशिरा किंवा मुळीच नाही. त्यामुळे एकाच वेळी लागलेला रस दिवसामागून दिवस नवनवीन जागी उमटतो आणि रोग पसरतो आहे असे वाटते.

रस लागल्याचे कळताच, शक्यतो १०-१५ मिनिटांत, साबण व भरपूर गार पाण्याने तो भाग धुवावा. नखे घासावीत, अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत, हत्यारे साफ करावीत. उशीर झाला तरी धुणे वाया जात नाही, कारण उरलेला रस तरी इतरत्र लागत नाही. गोडंबी काढताना हाताला खोबरेल लावण्याचा रिवाज आहे. त्याने रस चिकटणे कमी होत असेल, पण जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांची बरोबरी त्याला नाही. पातळ रबरी मोज्यांतून अशी तेले झिरपतात. पोटासाठी हे काम करणाऱ्या बायांना तेलाच्या बोटावर सोडणे हा अन्याय आहे. बिब्ब्याची टरफले जाळू नयेत. धुरासोबत हे द्रव्य डोळ्यांत व श्वासनलिकेत जाऊ शकते.

उतलेल्या जागी गार पाण्याच्या पट्ट्या व कॅलॅमाइनने खाज कमी होते. फोड फोडू नयेत. ते पाण्यामुळे पसरत नसले तरी उघड्या जखमेत जंतू शिरतात. सहसा दोन-तीन आठवड्यांत त्वचा पूर्ववत होते. चेहरा, डोळे किंवा जननेंद्रिये सुजली, पुरळ अंगभर झाले, वा श्वास घेताना त्रास झाला, तर डॉक्टरकडे लगेच जावे.

आंब्याच्या देठाचा चीक व काजूच्या टरफलातले तेल यांतही याच जातीची द्रव्ये आहेत. कोकणात आंबा देठासकट उतरवतात, त्यामुळे चीक फळावर आणि हातावर कमी ओघळतो. उत्तर अमेरिकेतील पॉयझन आयव्ही ही तीन-तीन पर्णिकांची वेलही याच कुळातली. तिच्यातील युरुशिऑल भिलावनॉलशी इतके मिळतेजुळते आहे की बिब्बा उतणाऱ्या माणसाने तिकडे झुडपांत शिरताना तिच्यापासूनही जपावे.