फुलपाखराच्या पंखावरची टिकली

डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव खात्यानं मोनार्क फुलपाखराला कायद्याचं संरक्षण द्यायचा प्रस्ताव मांडला. त्यासाठीचा अर्ज गेला होता २०१४मध्ये. मधे २०२० साली खात्यानं उत्तर दिलं होतं, की मागणी रास्त आहे, पण रांगेत याच्याआधी इतर प्रजाती आहेत. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हे उत्तर ओळखीचं वाटेल. या दहा वर्षांत मोनार्कसाठी चाललेलं काम मात्र थांबलं नाही, कारण ते मुळात सरकारच्या भरवशावर उभं नव्हतंच. हे फुलपाखरू हिवाळ्यात जातं कुठे, याचा माग काढला हौशी माणसांनी. दरवर्षी त्याची मोजदाद होते त्यातही हौशी माणसांचा मोठा हात असतो. आणि त्याच्या भल्यासाठी म्हणून काही घोळ घातले तेही त्यांनीच.

मोनार्क आपल्याला अगदी परकं नाही. नारिंगी पंख, काळ्या शिरा आणि काळ्या काठावर पांढरे ठिपके, असं त्याचं रूप. आपल्याकडे रुईभोवती घिरट्या घालणारं प्लेन टायगर हे त्याचं चुलत भावंड. रुईचं पान तोडलं की देठातून पांढरा चीक ओघळतो. शनिवारी मारुतीसाठी माळ ओवणाऱ्यांच्या बोटांना तो चांगला ठाऊक असतो. तो विषारी असतो, म्हणून गुरं रुईला सहसा तोंड लावत नाहीत. उत्तर अमेरिकेत मिल्कवीड नावाचं तण उगवतं, ते याच कुळातलं. मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही आणि त्यातलं विष अंगात साठवून ठेवते. ते फुलपाखरात उतरतं. लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात पिंजऱ्यातल्या ब्लू जे पक्ष्यांना मोनार्क खायला घालून हे दाखवून दिलं. पक्षी ओकले आणि पुढच्या वेळी त्यांनी नारिंगी पंख दिसताच मान फिरवली.

खरी नवलाची गोष्ट त्याच्या प्रवासाची. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडची मोनार्क शरद ऋतूत दक्षिणेला निघतात आणि मध्य मेक्सिकोच्या डोंगरांत पोचतात. काहींचा प्रवास चार हजार किलोमीटरांचा भरतो. उन्हाळ्यातली फुलपाखरं पंख फुटल्यावर दोन ते पाच आठवडे जगतात. प्रवासाला निघणारी पिढी मात्र आठ-नऊ महिने टिकते. वसंत आला की तीच उत्तरेकडे वळते, वाटेत मिल्कवीडवर अंडी घालते आणि मरते. पुढचा टप्पा मुलं गाठतात, त्यापुढचा नातवंडं. शरदात पुन्हा मेक्सिकोकडे वळतात ती त्यांची पतवंडं किंवा त्यांच्याही पुढची पिढी, आणि ज्या डोंगरावर आपण कधी गेलो नाही तिथं नेमकी जाऊन उतरतात. सूर्यावरून दिशा ओळखायची तर वेळेचं भान लागतं, कारण सूर्य दिवसभर सरकत असतो. ते घड्याळ त्यांच्या मिशांमध्ये असतं, असं २००९ साली दिसून आलं. दिशेचं कोडं असं थोडंफार सुटलं आहे, पण तोच डोंगर कसा सापडतो याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही.

कॅनडातले प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट यांना १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून याच्या आधीचाच प्रश्न छळत होता: थंडी सुरू झाली की ही जातात तरी कुठे? पक्ष्यांच्या पायात कडी अडकवता येते, पण फुलपाखराचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. सुरुवातीला त्यांनी पोस्टाच्या तिकिटासारखी, ओली करून डकवायची लेबलं वापरली. पाऊस पडला आणि लेबलं सुटून खाली आली. मग दुकानातल्या मालावर किंमत लावायला वापरतात तसली, नुसती दाबली की चिकटणारी लेबलं हाती लागली. पुढच्या पंखाच्या कडेवरचे खवले बोटानं हलकेच पुसायचे आणि लेबल कडेवरून दुमडून दाबायचं, की ते पक्कं बसे. त्यावर बारीक अक्षरांत विनंती असे, की हे टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवा.

दोघं नवरा-बायको अशी किती फुलपाखरं पकडणार? १९५२ साली नोरा अर्कहार्ट यांनी एका मासिकात लेख लिहून मदतनीस मागितले. बारा जण पुढे आले. १९७१पर्यंत ते सहाशे झाले होते. कुणी शिक्षक, कुणी शाळकरी मुलं, कुणी घरामागच्या बागेत जाळी घेऊन हिंडणारे. या सगळ्यांशी पत्रव्यवहार सांभाळण्याचा मोठा भार नोरांवर होता. परत आलेलं लेबल नकाशावर टाचलं की एक रेघ होई. अशा शेकडो रेघा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे झुकत होत्या, टेक्सासपर्यंत येत होत्या आणि पुढे मेक्सिकोत विरून जात होत्या.

१९७२ साली नोरांनी मेक्सिकोतल्या वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. मेक्सिको सिटीत राहणाऱ्या केन ब्रुगर या अमेरिकन माणसानं पुढच्या वर्षी उत्तर दिलं, की मी शोधतो. त्याच्याबरोबर होती कातालिना अग्वादो, मिचोआकान राज्यात जन्मलेली तरुणी. १९७४मध्ये दोघांचं लग्न झालं. ब्रुगर रंगांध होता. नारिंगी फुलपाखरांच्या शोधात रंगांध माणूस निघावा, हा योगायोग कुणी गोष्टीत लिहिला असता तर आपण नाक मुरडलं असतं. पण तिथली भाषा आणि माणसं ओळखणारी, रंग दिसणारी कातालिना सोबत होती. २ जानेवारी १९७५ या दिवशी सेर्रो पेलोन नावाच्या डोंगरावर त्यांना ती सापडली. तिथल्या ओयामेल जातीच्या फर वृक्षांवर फुलपाखरांचे इतके थर होते की खोड दिसत नव्हतं. आठवडाभरात टोरोंटोला फोन गेला.

अर्कहार्ट दांपत्य प्रत्यक्ष तिथं पोचलं ते वर्षभरानं, जानेवारी १९७६मध्ये. फ्रेड तेव्हा ६४ वर्षांचे होते आणि चढ तीन हजार मीटर उंचीवरचा. ते बसून डोळे भरून बघत असताना फुलपाखरांच्या भारानं एक फांदी मोडून खाली पडली. त्या ढिगात एका पंखावर पांढरं लेबल होतं. मिनेसोटातल्या चास्का गावी ऑगस्ट १९७५मध्ये एका शिक्षकानं आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी ते लावलं होतं. जवळजवळ चाळीस वर्षांच्या खटाटोपाचा पुरावा असा पायाशी येऊन पडला.

ऑगस्ट १९७६च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली कातालिना झळकली. आतला लेख फ्रेड यांचा होता, नाव झालं तेही त्यांचंच. कातालिनाचं श्रेय लोकांना आठवायला पुढची कित्येक वर्षं जावी लागली. आणि 'शोध' हा शब्दही जरा जपूनच वापरायला हवा. डोंगराखालच्या माझाहुआ आणि ओतोमी लोकांना ही फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. ती येतात नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नेमकी मृतांच्या सणाच्या सुमारास. म्हणून ते परत भेटायला आलेले पूर्वजांचे आत्मे, असं तिथं मानतात. पितृपक्षात कावळ्याची वाट बघणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. ती येतात कुठून हे तिथल्यांना माहीत नव्हतं, जातात कुठे हे कॅनडावाल्यांना माहीत नव्हतं. अर्धी-अर्धी गोष्ट दोन्हीकडे होती.

यानंतर शास्त्रज्ञांमध्ये व्हायची ती कुरबुर झालीच. अर्कहार्ट यांनी नेमकी जागा सांगायला नकार दिला, तेव्हा ब्राउअर यांचे सहकारी बिल कॅल्व्हर्ट यांनी लेखातल्या खाणाखुणांवरून नकाशे धुंडाळून एक जागा स्वतःच गाठली. जागा लपवणं बरोबर की चूक, यावर अजूनही मतभेद आहेत. मला विचाराल तर झाडं तोडणाऱ्यांना तो पत्ता आधीपासूनच माहीत होता.

ओयामेलचं रान मोनार्कसाठी गोधडीही आहे आणि छत्रीही. झाडांची दाटी रात्रीची थंडी अडवते आणि पावसापासून आडोसा देते. भिजलेलं फुलपाखरू कोरड्या फुलपाखरापेक्षा लवकर गोठतं, त्यामुळे छत्रीला एक भोक पडलं तरी महागात जातं. जानेवारी २००२च्या वादळात आधी पाऊस पडला, मग कडाका आला, आणि दोन मोठ्या वसाहतींमधली तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त फुलपाखरं एका फटक्यात गेली. जमिनीवर त्यांचा खच पडला होता.

मेक्सिकोनं १९८६ साली सुमारे १६ हजार हेक्टर रान राखीव केलं. मात्र हे रान होतं एहिदोंचं, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीचं. लाकडावर पोट असलेल्यांना एका सकाळी सांगितलं गेलं, की आता कुऱ्हाड लावायची नाही. बदल्यात हाती फारसं काही पडलं नाही. याचा राग येणं स्वाभाविक होतं. २००० साली क्षेत्र वाढून ५६ हजार हेक्टरांवर गेलं, पण या वेळी मोनार्क निधी उभा राहिला आणि तोड थांबवणाऱ्या गावांना त्यातून पैसे मिळू लागले. २००८मध्ये जागतिक वारशाचा शिक्का बसला. तरी लाकूड आणि अवोकाडोच्या बागा यांचा दाब कायम आहे. एल रोसारिओ अभयारण्याचे व्यवस्थापक ओमेरो गोमेस गोन्सालेस आधी स्वतः लाकूडतोडीच्या धंद्यात होते, पुढे या रानाचे राखणदार झाले. जानेवारी २०२०मध्ये ते बेपत्ता झाले आणि दोन आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला.

मोनार्क एकेक करून मोजता येत नाहीत; त्यांनी किती हेक्टर रान व्यापलं ते मोजतात. हेक्टरी दोन कोटींच्या आसपास असा ढोबळ हिशेब धरतात. १९९६-९७च्या हिवाळ्यात हा आकडा १८.१९ हेक्टर होता. २०१३-१४मध्ये ०.६७. २०२३-२४मध्ये ०.९०, आणि पुढच्या हिवाळ्यात १.७९.

सगळा दोष मेक्सिकोच्या कुऱ्हाडीवर टाकणं उत्तरेकडच्यांना सोयीचं होतं. पण १९९६ नंतर अमेरिकेच्या मका-सोयाबीन पट्ट्यात तणनाशक सोसणारी बियाणी आली. ग्लायफोसेट फवारलं की पीक उभं आणि बाकी सगळं साफ. पूर्वी मक्याच्या ओळींमध्ये मिल्कवीड टिकून असायचं, ते गेलं. १९९९ ते २०१० या काळात मिडवेस्टमधलं, म्हणजे याच पट्ट्यातलं, मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज जॉन प्लेझंट्स आणि कॅरन ओबरहाउझर यांनी मांडला. दुसऱ्या महायुद्धात याच तणाच्या म्हाताऱ्या, म्हणजे बोंडांतला कापूस, शाळकरी मुलांकडून पोती भरभरून गोळा करून घेतल्या होत्या. दोन पोत्यांत एका सैनिकाचं जीवरक्षक जाकीट भरत असे.

पंखांवर लेबलं, म्हणजे टिकल्या, लावायचं काम आता कॅन्सस विद्यापीठातल्या मोनार्क वॉच या उपक्रमाकडे आहे. चिप टेलर यांनी ते १९९२ साली सुरू केलं आणि आजवर वीस लाखांहून जास्त फुलपाखरांना टिकल्या लागल्या. आता टिकली गोल असते, कपाळावर लावायच्या मोठ्या टिकलीएवढी. फुलपाखराचे पंख मिटलेले धरायचे, मागच्या पंखाच्या बाहेरच्या अंगाला मधोमध बिनबोटांच्या हातमोज्यासारखा एक कप्पा दिसतो, त्यावर ती ठेवायची आणि दोन-तीन सेकंद दाबायची. सोडलं की ते उडून जातं. न्यू जर्सीच्या टोकाला केप मे इथं सप्टेंबर-ऑक्टोबरात हे बघायला मिळतं. त्याच राज्यातल्या एडिसन गावच्या मराठी घरांपासून गाडीनं दोनेक तासांवर. मोनार्क वॉचच्याच पुढाकारानं लोकांनी २००५पासून घरांच्या, शाळांच्या आवारात मिल्कवीडचे हजारो वाफे केले.

घोळ झाला तो इथंच. रोपवाटिकांत सहज मिळणारं आणि दिसायला देखणं मिल्कवीड म्हणजे उष्ण प्रदेशातली एक जात, लाल-पिवळ्या फुलांची. ती आपल्याकडेही बागांत नि रस्त्याकडेला फोफावली आहे आणि तिला हळदी-कुंकू असं गोड नाव मिळालंय. टेक्सास, फ्लोरिडात ती थंडीतही मरत नाही. त्यामुळे काही मोनार्क प्रवासाला न जाता तिथंच मुक्काम ठोकतात आणि त्याच त्या पानांवर एका परजीवीचे बीजाणू साचत जातात. दुसरा घोळ घरात अळ्या वाढवण्याचा. लग्नात उडवायला विकत मिळणाऱ्या मोनार्कच्या वंशावळीतली फुलपाखरं शरदात दक्षिणेची दिशा धरत नाहीत, असं शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांना २०१९मध्ये आढळलं. माया असली तरी माहिती हवीच, हे कळायला वेळ लागला. आता स्थानिक मिल्कवीड लावा आणि अळ्या बाहेरच राहू द्या, असं मोनार्कचे अभ्यासकच सांगतात.

रॉकीच्या पश्चिमेकडची मोनार्क मेक्सिकोऐवजी बहुतेक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात. तिथं १९९७पासून स्वयंसेवक थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या सुमारास, उन्हं चढायच्या आत झाडांखाली उभे राहून डोळ्यांनी अंदाज घेतात. २०२०मध्ये सगळ्या किनाऱ्यावर मिळून दोन हजारही भरली नाहीत. पुढच्या वर्षी अडीच लाखांच्या घरात. २०२४मध्ये पुन्हा दहा हजारांच्या आत.

तिकडे मेक्सिकोत फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅन्ससहून माणसं येतात. अभयारण्यातले वाटाडे आणि आसपासचे गावकरी हिवाळाभर रानातल्या मेलेल्या फुलपाखरांच्या ढिगांत टिकल्या शोधत असतात. हजारो पंख उलटेपालटे करावे तेव्हा कुठे एक मिळते. डब्यांत, कागदाच्या पुड्यांत जपून ठेवलेल्या त्या टिकल्या ते घेऊन येतात, प्रत्येकीवरचा क्रमांक वहीत उतरवला जातो आणि टिकलीमागे ठरलेले पेसो हातावर ठेवले जातात.