विद्युत रोध व शक्ती : दाब आणि प्रवाहावरून गणन

उपकरणाच्या दोन टोकांमधला विद्युत दाब आणि त्यातून वाहणारा प्रवाह मोजून त्याचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, व त्यात खर्च होणारी शक्ती काढण्याची रीत. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती. दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये घेतला, तर रोध ओहममध्ये व शक्ती वॉटमध्ये येते. गणित शाळकरी आहे. चूक होते ती आकडे घेताना, म्हणून या नोंदीत सूत्रांपेक्षा मोजणीला अधिक जागा दिली आहे.

समजा, बडोद्यातल्या दांडिया बाजारात एका घरी इस्त्री तापत आहे. मीटरवर २३० व्होल्ट आणि ४.६ अँपिअर दिसतात. रोध ५० ओहम, शक्ती १,०५८ वॉट. तासभर सलग चालली तर लाइट बिलात एक युनिटाहून थोडे जास्त. संध्याकाळी दाब २०० व्होल्टवर उतरला, तर प्रवाह ४ अँपिअर होतो आणि शक्ती ८०० वॉट. दाब १३ टक्के घटला, पण शक्ती जवळजवळ २४ टक्के घटली. दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो आणि शक्ती या दोघांचा गुणाकार असते, म्हणून शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. इस्त्रीतली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून हा हिशेब जुळतो.

दिव्याच्या बाबतीत तो जुळत नाही. ६० वॉटच्या जुन्या तारेच्या दिव्याचा रोध २३० व्होल्टवर सुमारे ८८२ ओहम निघतो. तोच दिवा थंड असताना मल्टिमीटरने तपासला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. दोन्ही आकडे खरे आहेत. टंगस्टनची तार प्रकाश देताना दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. असे दिवे बहुधा बटण दाबताक्षणी उडत, कारण थंड तारेतून पहिल्या क्षणी कितीतरी पट प्रवाह धावतो. रोधाचा आकडा सांगताना तापमान सांगितले नाही, तर माहिती अर्धीच राहते.

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आणि आसपास ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, मोटारी यांची कामे चालतात. विद्युत उपकरणांच्या चाचण्या करणारी ‘इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन’ ही संस्थाही १९७४ पासून याच शहरात आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा, म्हणजे त्यातल्या तारेच्या वेटोळ्यांचा, रोध काढताना या रीतीचा खरा कस लागतो. वाइंडिंगमधून एकदिश प्रवाह (डीसी) सोडतात, कारण प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) दिला तर कॉइलचे प्रवर्तन, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तिच्याकडून होणारा विरोध, मध्ये येते. ५ अँपिअर प्रवाहाला वाइंडिंगच्या टर्मिनलांवर ०.६ व्होल्ट मिळाले, तर रोध ०.१२ ओहम. आता व्होल्टमीटर टर्मिनलांवर न लावता प्रवाह आणणाऱ्या लीडच्या, म्हणजे जोडतारांच्या, मागच्या टोकांना लावला तर? एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, दोन-दोन मीटरच्या दोन तांब्याच्या लीड असतील, तर त्यांचाच रोध सुमारे ०.०७ ओहम असतो. मीटर ०.९४ व्होल्ट दाखवतो आणि उत्तर येते ०.१९ ओहम, म्हणजे खऱ्याच्या दीडपटीहून जास्त. भागाकार बिनचूक असतो, रोध मात्र वाइंडिंग आणि लीड दोन्हींचा मिळून मोजलेला असतो. म्हणून प्रवाहाच्या दोन तारा वेगळ्या आणि दाब मोजायच्या दोन तारा वेगळ्या घेऊन त्या थेट टर्मिनलांवर लावतात. या चार तारांच्या पद्धतीला भौतिकविज्ञ केल्व्हिन यांचे नाव आहे.

इथेही तापमान सुटत नाही. पौषातल्या सकाळी १५ अंशांवर मोजलेले तांब्याचे वाइंडिंग वैशाखातल्या दुपारी ४२ अंशांवर सुमारे ११ टक्के जास्त रोध दाखवते. ते बिघडलेले नसते, हवा बदललेली असते. तुलना करता यावी म्हणून सगळे आकडे ७५ अंशांवर नेतात : मोजलेल्या रोधाला (२३५ + ७५) ने गुणून (२३५ + मोजतेवेळचे तापमान) ने भागतात; २३५ हा तांब्यासाठीचा ठरलेला आकडा. ३० अंशांवरचे ०.१२ ओहम ७५ अंशांवर ०.१४ होतात. वाइंडिंगमधून २० अँपिअर जात असतील, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने त्यात ५६ वॉट उष्णता म्हणून जातात. हे उष्णतेचे नाते भौतिकविज्ञ जूल यांनी १८४१ मध्ये मांडले.

मोटारीला हीच रीत जशीच्या तशी लावणे ही नेहमीची चूक आहे. चालत्या मोटारीवर २३० व्होल्ट आणि ५ अँपिअर दिसले, तर ४६ हा भागाकार वाइंडिंगचा रोध नसून संरोध (इम्पीडन्स), म्हणजे रोध आणि प्रवर्तन यांचा मिळून होणारा अडथळा असतो, आणि १,१५० हा गुणाकार वॉट नसून व्होल्ट-अँपिअर. या गुणाकाराचा किती भाग खरी शक्ती असतो ते सांगणारा शक्तिगुणक, ज्याला कारखान्यात पॉवर फॅक्टरच म्हणतात, तो ०.८ असेल तर खरी शक्ती ९२० वॉट.

जर्मन भौतिकविज्ञ गेओर्क झीमोन ओहम (१७८९–१८५४) यांनाही मोजणीनेच अडवले होते. त्यांच्या काळच्या विद्युत घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच खाली येई. शेवटी त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचा जोड घेतला, त्याचे एक टोक उकळत्या पाण्याच्या तापमानावर आणि दुसरे बर्फाच्या तापमानावर ठेवले. दोन्ही तापमाने पक्की, म्हणून दाबही स्थिर. त्या स्थिर दाबावर त्यांना आपला नियम सापडला. १८२७ मध्ये तो ग्रंथरूपाने आला.

बडोद्यात तंत्रशिक्षण १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या काळी कलाभवनात सुरू झाले. कारागिरांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवावे, असा तिथे आग्रह होता. तेच कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. शहरातली मराठी माणसे ‘रोध’ पुस्तकात वाचतात आणि कामावर ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. दोन्ही शब्द पाठ असलेल्या माणसाला ड्रॉइंगही वाचता येते आणि शेजारच्या कारागिरालाही समजावता येते.

वाइंडिंगची चाचणी संपल्यावर एक खबरदारी घ्यावीच लागते. कॉइलमध्ये ऊर्जा साठलेली असते. प्रवाह चालू असताना लीड ओढून काढली, तर टोकांवर क्षणात धोकादायक दाब उभा राहतो. आधी पुरवठा बंद करून प्रवाह शून्यावर येऊ द्यायचा, टर्मिनले जोडून डिस्चार्ज करायची, आणि मगच तारा सोडायच्या.