लोगो येतो, मग निळा पडदा का? जुनी डिस्क आणि नवा मदरबोर्ड

आमच्या आतेभावाचं, म्हणजे दादाचं, डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं सगळं तिथेच होतं, आणि ते अजूनही विंडोज ७ वरच्या पेजमेकरमध्ये, कारण पंधरा वर्षांच्या फाइली आणि फॉन्ट त्यातच अडकलेत. मागच्या लग्नसराईत ऐन गर्दीत त्याचा मदरबोर्ड मेला. जी४१ चिपसेटवाला (चिपसेट म्हणजे बोर्डावरचं सगळं जोडणारी मुख्य चिप) होता, म्हणजे २००८-०९ च्या पिढीतला, गेला तर तक्रार तरी कोणाकडे करणार. त्याने कुठूनतरी वापरलेला एच११० चा बोर्ड मिळवला, जुनी हार्ड डिस्क तशीच जोडली आणि बटण दाबलं. विंडोजचा लोगो यायला लागला, ते रंगीत ठिपके धड जुळलेही नाहीत तोच निळा पडदा चमकला आणि मशीन रिस्टार्ट. परत लोगो, परत निळा, परत रिस्टार्ट. असं दहा-बारा वेळा बघून झाल्यावर मला फोन, "अरे डिस्क गेली रे, आता पत्रिकांचं काय करू?"

मी म्हटलं दादा, डिस्क गेली असती तर लोगो कुठून आला असता?

या एका प्रश्नात अर्धं उत्तर आहे, म्हणून जरा इथे थांबू. मशीन चालू होतं तेव्हा विंडोज कुठेच नसतं, पहिले काही सेकंद कारभार बायोस, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, बघतो. बायोस बोर्डाच्याच चिपमध्ये असतो त्यामुळे त्याला आपल्या बोर्डावरची डिस्क कशी वाचायची ते पक्कं माहीत असतं. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो, त्यातून पुढचा प्रोग्राम, त्यातून विंडोजचा लोडर. हा लोडर विंडोजचा असला तरी डिस्क वाचायला अजून बायोसचाच हात धरून चाललेला असतो. त्याच हाताने तो कर्नल (विंडोजचा गाभा), रजिस्ट्रीचा (विंडोजच्या सेटिंगांची वही) सिस्टीम नावाचा भाग आणि मोजके ड्रायव्हर (मशीनचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) रॅममध्ये आणून ठेवतो. मग कर्नल उभा राहतो आणि म्हणतो, बास, आता मी बघतो. बायोसचा हात सुटतो.

पालखीचा खांदा बदलतात तसं आहे हे. जुन्या भोयाने खांदा काढायच्या आत नव्याने दिला पाहिजे. दादाच्या मशीनमध्ये बायोसने खांदा काढला आणि पुढे कोणी नव्हतंच, कारण कर्नलकडे या नव्या बोर्डाच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर चालू अवस्थेत नव्हता. ज्या डिस्कवरून आपण आत्ता आलो तीच आता वाचता येत नाही म्हटल्यावर विंडोज सरळ मान टाकतं. निळ्या पडद्यावर त्याचा कोड असतो, शेवटी ७बी. पडदा एवढ्या पटकन जातो की वाचता येत नाही, म्हणून विंडोज ७ ला सुरुवातीलाच एफ८ दाबून ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद करायचं, मग तो थांबून राहतो. विंडोज १० आणि ११ मध्ये आकड्याऐवजी 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहून येतं.

आता गंमत अशी की ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये होता! डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती होत्या, जुनी आयडीई आणि इंटेलने २००४ मध्ये आणलेली एएचसीआय, ज्यात डिस्कला एकदम ३२ कामं सांगून ठेवता येतात आणि ती आपल्या सोयीच्या क्रमाने उरकते. दादाच्या जुन्या बोर्डावर फक्त आयडीई. इन्स्टॉल होताना विंडोजने बघितलं की इथे एएचसीआय नाही, मग त्याचा ड्रायव्हर दर वेळी कशाला उचलायचा, बूट लवकर व्हावं म्हणून त्याला बाजूला बसवलं. फाइल डिस्कवर आहे, पण डिस्क उघडायला तीच फाइल हवी. कपाटाची किल्ली कपाटातच.

रजिस्ट्रीत प्रत्येक ड्रायव्हरपुढे 'स्टार्ट' नावाचा एक आकडा असतो. ० म्हणजे लोडरने स्वतः उचलून आणायचा, १ आणि २ म्हणजे नंतर, ३ म्हणजे बोलावलं तरच, ४ म्हणजे बंद. दादाकडे 'एमएसएएचसीआय'पुढे ३ होता. तो ० करायचा, बास, एवढाच इलाज!

जरा जुना बोर्ड असता तर एवढंही लागलं नसतं, बायोसमध्ये जाऊन साटा मोड (डिस्कशी बोलायच्या पद्धतीची सेटिंग) आयडीई केला की विंडोज उठलं असतं. पण इंटेलने १०० सिरीजच्या चिपसेटपासून आयडीई मोड काढूनच टाकला, आणि एच११० त्याच घरातला. म्हणून मग विंडोज १० चा पेनड्राइव्ह लावून त्यावरून बूट केलं, शिफ्ट-एफ१० ने काळी खिडकी उघडली, सगळ्यात आधी डिस्कवरच्या रजिस्ट्रीच्या त्या सिस्टीम फाइलची कॉपी काढून ठेवली (हे विसरायचं नाही, एक चुकीचा आकडा आणि मग खरंच रडायची वेळ), मग रेजएडिटमध्ये (रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) 'लोड हाइव्ह' करून ती फाइल उघडली आणि ३ चा ० केला. एक घोळ इथे नेहमी होतो, पेनड्राइव्हवरून बघताना तुमची सी ड्राइव्ह कधी डी दिसते कधी ई, आणि लोक पेनड्राइव्हच्या स्वतःच्याच रजिस्ट्रीत बदल करून बसतात आणि मग काही फरक पडत नाही म्हणतात.

विंडोज उठलं. पण कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मेलेले!

बायोसमध्ये चालत होते, लॉगिनला आल्यावर ठप्प. परत तीच पालखी, फक्त डिस्कच्या जागी यूएसबी. १०० सिरीजमध्ये यूएसबी २ चा जुना कंट्रोलरही गेला, सगळी पोर्टं यूएसबी ३ च्या कंट्रोलरवर आली, आणि विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळातच नाही. दादाने माळ्यावरून जांभळ्या गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड शोधून काढला, धूळ झटकली, मशीन बंद करून लावला आणि तो चालला. यूएसबीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून टाकता येणार नव्हता हे उघडच आहे, म्हणून आधी विंडोज १० च्या पेनड्राइव्हवरून बूट करून तो डिस्कवर कॉपी केला आणि मग आत येऊन टॅब आणि एंटर दाबत दाबत इन्स्टॉल केला.

सांगायचं हे की मशीन नेमकं कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर जाताना पडलं ते आधी बघा. लोगो येऊन क्रॅश होत असेल तर बूट सेक्टर (तो पहिला ५१२ बाइटचा तुकडा) दुरुस्त करणाऱ्या कमांड मारून उपयोग नाही, तो टप्पा पार झालाय. उलट लोगोच येत नसेल, 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं येत असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. नव्या यूईएफआय (बायोसचा आधुनिक अवतार) बोर्डांत 'विंडोज अमुक डिस्कवर अमुक ठिकाणी आहे' ही नोंद बोर्डाच्या मेमरीत असते, डिस्कवर नाही, त्यामुळे बोर्ड बदलला की नोंद गेली. किंवा डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आणि बोर्ड फक्त नवी जीपीटी पद्धत मागतोय. त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून रूपांतराचं टूल आहे, डेटा न पुसता होतं, तरी बॅकअप घेऊनच. आणि दर वेळी वेगळाच एरर येत असेल तर मला आधी रॅमचा संशय येतो. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) बंद करून, एकेक पट्टी लावून बघा.

विंडोज १० आणि ११ मध्ये एएचसीआय, एनव्हीएमई (नव्या एसएसडींची पद्धत) सगळं सोबत येतं त्यामुळे बरेचदा डिस्क लावली की पाच मिनिटं 'डिव्हाइसेस तयार होत आहेत' म्हणून सुरू होतं. अडलंच तर दोन-तीनदा बूट फसल्यावर रिकव्हरी मेनू येतो, त्यातून एकदा सेफ मोडमध्ये नेलं की योग्य ड्रायव्हर जागेवर बसतो आणि पुढच्या वेळी नेहमीसारखं चालू होतं. ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनमध्ये मात्र बायोसमधलं व्हीएमडी आधी तपासा, ते चालू असलं तर डिस्क एका वेगळ्याच कंट्रोलरच्या मागे जाऊन बसते.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर बोर्ड काढायच्या आधी सस्पेंड करा. किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते, नव्या बोर्डावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर कुठलाही रिपेअरवाला काही करू शकत नाही. आणि शिफ्ट दाबून शट डाउन करा, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपमध्ये बंद होताना कर्नलची अवस्था डिस्कवर साठवली जाते, ती जुन्या बोर्डाची.

दादाचं मशीन आता मस्त चाललंय, नेटची वायर मात्र आम्ही लावलेली नाही, विंडोज ७ चे मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत. पत्रिका पेनड्राइव्हवरून छापखान्यात जातात, आणि तो जांभळ्या पिनचा कीबोर्ड परत माळ्यावर न टाकता काउंटरच्या खणात ठेवलाय.