कोटाची ढिलाई स्पेससूटला चालत नाही

नौपाड्यात पॅटर्नमेकिंग शिकवते. फॅशनचा कोर्स करून आलेल्या मुली हल्ली विचारतात, "मॅडम, चंद्रावर गेलेल्या अपोलो मोहिमांचे सूट प्लेटेक्स ब्रा बनवणाऱ्या कंपनीनेच शिवले ना? मग आपणही शिवू की!" शिवाल. पण पुढचा प्रश्न हमखास, "टीप हवाबंद कशी करतात?" आणि माझं डोकं फिरतं.

माया सोडणं, टीप मारणं तुम्हाला येतंच. टाचण्या तोंडात धरायची सवय तेवढी मोडा; अपोलोच्या सुटात टाचणी राहिली का, हे एक्स-रे काढून बघत. उसवून त्याच भोकांतून पुन्हा टीप मारणंही विसरा.

खरी गोची ढिलाईची, म्हणजे अंगाच्या मापापेक्षा जास्त ठेवलेल्या कापडाची. स्पेस स्टेशनवरच्या अमेरिकी सुटात आत ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, असतो: युरेथेन चढवलेलं नायलॉन, जोड उष्णतेने चिकटवलेले. हवा तो धरतो. त्यावर डेक्रॉनचा रिस्ट्रेंट थर. तो शिवलेला असतो, आणि ताण घेणं एवढंच त्याचं काम. दाब 4.3 पीएसआय, म्हणजे 10 बाय 10 सेंटिमीटरच्या तुकड्यावर जवळपास 30 किलो.

कोटाच्या अस्तराला पाठीत चुणी ठेवतो, कारण हात पुढे नेला की ताण वरच्या कापडावर यावा, अस्तर फाटू नये. ब्लॅडरही त्याच हिशेबाने रिस्ट्रेंटपेक्षा जरा मोठा कापतात. इथवर कोटच. पण कोटात वरच्या कापडालाही आपण ढील देतो, आणि तिथेच मुली फसतात. रिस्ट्रेंटला दिलेली ढील अंगाच्या कामी येत नाही, ती हवा भरून टाकते. 18 मार्च 1965 ला यानाबाहेर अंतराळात पहिल्यांदा तरंगलेल्या सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्हचा सूट असा फुगला की बोटं हातमोज्यांतून आणि पाय बुटांतून मागे सरकले. सुटातला दाब उतरवला तेव्हा कुठे तो यानात शिरला.

मी वर्गात सुती बाहीत लांब फुगा फुगवायला लावते. परवा एकीने कोपराला सढळ हाताने ढील दिली होती. दुधी भोपळा झाला, वाकेचना. मग कोपरात आडव्या चुण्या घेतल्या, दोन्ही कडांना खांद्यापासून मनगटापर्यंत न ताणणारी नाडी शिवली. लांबी नाडीने धरली, चुण्या एका बाजूला मिटल्या, दुसरीकडे उघडल्या, आणि बाही दोन बोटांनी वाकली.