सोव्हेत्स्की सोयुझ की क्रोनश्टाट? दोन अर्धवट जहाजांमधला फरक

सोव्हिएत नौदलाच्या अर्धवट राहिलेल्या जहाजांचा विषय निघाला की प्रकल्प २३ आणि प्रकल्प ६९ यांची सरमिसळ हमखास होते. दोन्हींवर नऊ मुख्य तोफा, तीन टरेटमध्ये (चिलखती फिरत्या तोफघरांत). दोन्हींची बांधणी लेनिनग्राड आणि निकोलायेव्हला सुरू झाली (२३ची मोलोतोव्हस्कलाही) आणि १९४१च्या जर्मन आक्रमणाने दोन्ही ठप्प झाले. पण २३ म्हणजे सोव्हेत्स्की सोयुझ वर्ग, अस्सल बॅटलशिप. ६९ म्हणजे क्रोनश्टाट वर्ग: कागदोपत्री ‘जड क्रूझर’, प्रत्यक्षात बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांचं पण पातळ चिलखताचं वेगवान जहाज.

आराखडा हाती आला तर आधी रुंदी बघा. सोयुझ ३८.९ मीटर, क्रोनश्टाट ३१.६. मानक वजनही (इंधन न धरता) ५९,१५० टनांसमोर ३५,२४० टन.

मारक क्षमतेत तर तुलनाच नाही. सोयुझच्या ४०६ मिमी बी-३७ तोफेचा गोळा १,१०८ किलोचा, म्हणजे नऊ तोफांचा एक पूर्ण मारा दहा टनांच्या जवळपास जातो. क्रोनश्टाटच्या ३०५ मिमी तोफेचा गोळा ४७० किलोचा. तिथे तोच हिशेब सव्वाचार टनांवर थांबतो. सोयुझच्या तोफेचा पल्ला ४५ किमीच्या पुढे सांगतात. त्या अंतरावर चालत्या जहाजाला गोळा लागणं म्हणजे निव्वळ नशीब, त्यामुळे या आकड्यावर फार भाळू नये.

सोयुझचं चिलखत जास्त रंजक आहे. बाजूचा पट्टा मध्यभागी ३७५ मिमी आणि पुढच्या टरेटकडे वाढत ४२० मिमी. कारण शत्रूच्या अंगावर चाल करून जाताना गोळे समोरून तिरपे येतात आणि पुढचं दारूगोळ्याचं कोठार त्यांच्या वाटेत सापडतं. कल्पना उत्तम, पण २३० मिमीपेक्षा जाड सिमेंटेड प्लेट (पृष्ठभागात कार्बन मुरवून कठीण केलेलं पोलाद) हव्या तेवढ्या प्रमाणात बनवणं सोव्हिएत कारखान्यांना जमत नव्हतं. मग जाड प्लेटसाठी कमी प्रतीचं, वेगळ्या पद्धतीने पृष्ठभाग कठीण केलेलं पोलाद चालवून घ्यावं लागलं. म्हणजे पट्टा जिथे सर्वांत जाड, तिथेच पोलाद दुय्यम. कागदावरचे ४२० मिमी आणि त्याच जाडीची उत्तम सिमेंटेड प्लेट एकाच मापाने मोजता येत नाहीत.

पाणसुरुंग-टॉर्पेडोपासून बचावासाठी इटालियन पुग्लिएसे पद्धत घेतली होती: द्रवाने भरलेल्या कप्प्यात पोकळ नळकांडं, स्फोटात ते चेपून ऊर्जा शोषतं. हिची दुखरी जागा म्हणजे आतल्या वक्र भिंतीचे सांधे. ते उकलले की पाणी आत. विमानविरोधी मारा तर तोकडाच. १५२ मिमी तोफा जहाजांविरुद्ध होत्या, १०० मिमीच्या फक्त आठ. १९४४ सालच्या हवाई हल्ल्यासमोर हे जहाज उघडं पडलं असतं.

क्रोनश्टाटची अडचण वेगळी. ते जर्मन युद्धनौका शार्नहोर्स्टला उत्तर म्हणून आखलं, पण त्याचा पट्टा २३० मिमी आणि शार्नहोर्स्टचा ३५०. वेग ३२ नॉट्सच्या आसपास, म्हणजे २८ नॉट्सच्या सोयुझपेक्षा बराच जास्त. क्रूझर टिपायला ते झकास. बॅटलशिपसमोर मात्र पळ काढण्यातच शहाणपण. तोफा मोठ्या करायच्या म्हणून १९४० साली क्रुप या जर्मन तोफा कंपनीकडून ३८० मिमीच्या जोडतोफा घ्यायचं ठरलं, सहा तोफा आणि ८०० किलोचा गोळा. एकूण मारा ४.८ टन, म्हणजे वाढ जेमतेम अर्ध्या टनाची. फायदा होता तो जड गोळ्याच्या भेदकतेचा. पट्टा तेवढाच पातळ राहिला.

युद्ध झालं नसतं तर ही जहाजं वेळेत उभी राहिली असती का? चिन्हं तशी नव्हती. सोयुझ वर्गातल्याच सोव्हेत्स्काया बेलोरुसियात सुमारे ७०,००० रिव्हेट निकृष्ट निघाले आणि ऑक्टोबर १९४०मध्ये, युद्ध दाराशी येण्याआधीच, ते जहाज रद्द झालं. खारकोव्हच्या कारखान्याने सोयुझसाठी एकही टर्बाइन पुरं केलं नव्हतं, आणि क्रुपचे टरेटही कधी पोचले नाहीत.