मामांच्या खिशातलं रेकॉर्ड

2023 साली निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या रेकॉर्ड रूममधले वर्षानुवर्षं बांधून पडलेले कागदपत्रांचे रुमाल सुटले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आमच्या मामांना अशाच एका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. म्हणाले, "बघ, आता रेकॉर्ड माझ्या खिशात हाय."

मामांच्या खिशात होता तो फोटो. त्याला अभिलेख, म्हणजे खरं रेकॉर्ड, म्हणता येत नाही.

अभिलेख म्हणजे काम झाल्याचा पुरावा. कुणी, कधी, कशासाठी लिहिलं, कुठल्या गावच्या कुठल्या रजिस्टरातलं पान, ही माहिती त्याला चिकटलेली हवी. तिलाच मेटाडेटा म्हणतात. फाइलला 'स्कॅन 47' एवढंच नाव दिलं की पान उरतं आणि गाव हरवतं. बॅकअप म्हणजे डिस्क बिघडली तर हाताशी असलेली दुसरी प्रत. त्याला अभिलेखागार समजू नये. अभिलेखांच्या आयएसओ 15489 या आंतरराष्ट्रीय मानकात चार गुण सांगितलेत: अस्सलपणा, विश्वासार्हता, अखंडता आणि वापरण्याजोगेपणा.

यातली अखंडता, म्हणजे नंतर कुणी काही बदललेलं नसणं, माझ्या आवडीची, कारण ती चक्क मोजून तपासता येते. एसएचए-256 ही रीत फाइलचे 512 बिटांचे तुकडे पाडते (बिट म्हणजे एक 0 किंवा 1). आठ आकडे घेऊन प्रत्येक तुकडा त्यांच्यात 64 फेऱ्या घुसळते, आणि एका तुकड्याचं उत्तर पुढच्यात मिसळते. शेवटी 256 बिट उरतात. सोळाच्या पायात (0 ते 9 आणि a ते f) लिहिले तर 64 अक्षरं. हा झाला हॅश, फाइलचा जणू अंगठा. फाइल एका पानाची असो की हजार, लांबी तेवढीच. आता गट नंबर 112 चा 113 करा: एकच अंक बदलला, पण हॅशमधले जवळपास निम्मे बिट उलटतात. उलट दिशेने, हॅशवरून फाइल काढता येत नाही. डिजिटल सहीही मुळात या हॅशवरच होते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यातही हॅशचा रकाना आहे.

पण 'ब्लॉकचेन (हॅशने एकमेकींना बांधलेल्या नोंदींची साखळी) बसवा, सातबाऱ्याची भांडणं मिटतील' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. टायपिंग करताना शेषरावचा शेखराव झाला असेल, तर हॅश त्या शेखरावालाच इमानाने जपतो.

आणि मामांचा फोटो? व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. डोळ्यांना पान तेच दिसतं, पण मूळ फाइलशी हॅश जुळत नाही. हे ऐकून मामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मग नक्कलेच्या अर्जाला तिकीट किती रुपयांचं लागतं?"